कासवांच्या कामाला आपली पोरं पाठवा, पण चौकशी करून

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, की अकरावी-बारावीची पोरं अंदमानला कासवं वाचवायला जातात हे पैसेवाल्यांचं फॅड आहे, आपल्या खान्देशात ना समुद्र ना कासव, त्यापेक्षा सीईटीचा अभ्यास करा म्हणावं. पैशाचं त्यांचं म्हणणं थोडंफार पटतं, बाकीचं अजिबात पटलं नाही म्हणून लिहितेय.

माझी भाची भुसावळला अकरावीत आहे, ती या जानेवारीत उत्तर अंदमानात डिगलीपूरला जाऊन आली. नवजीवन एक्सप्रेस आपल्या जळगाव-भुसावळवरूनच थेट चेन्नईला जाते, तिथून विमानाने पोर्ट ब्लेअर, ज्याला आता श्री विजयपुरम म्हणतात, आणि मग पुढे दिवसभर बस. तिथल्या कालीपूरच्या किनाऱ्यावर चार जातींची समुद्री कासवं अंडी घालायला येतात, ऑलिव्ह रिडले, ग्रीन, हॉक्सबिल आणि सगळ्यात मोठं ते लेदरबॅक. वनखात्याची हॅचरी आहे, म्हणजे अंडी सुरक्षित उबवायची जागा. पोरांचं काम काय, तर रात्री वनखात्याच्या माणसांमागे किनाऱ्याने चालायचं, पांढरा टॉर्च नाही, मोबाइल नाही, गप्पा नाहीत, आणि मादी पाण्यातून वर येताना दिसली की जागच्या जागी बसून राहायचं कारण ती बिचकली तर अंडी न घालताच माघारी जाते. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी निघतात. ती हॅचरीत हलवायची तर आधी हाताने दीडेक फूट खोल खड्डा करायचा, माठासारखा, तोंड निमुळतं आणि आत गोल, आणि मग एकेक अंडं ज्या बाजूने उचललं त्याच बाजूने आत ठेवायचं, जराही फिरवायचं नाही, कारण घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ वरच्या बाजूला कवचाला चिकटतो आणि नंतर अंडं उलटलं तर तो मरतो. मग वहीत तारीख, जात, अंडी किती. भाची परत आली तेव्हा वाळूतले किडे चावून पाय सुजलेले होते आणि ती पुढच्या वर्षीचं बोलत होती. याला फॅड कसं म्हणायचं?

अजून एक तिने सांगितलेलं. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, साधारण 29-30 अंशांच्या वर वाळू राहिली की माद्या जास्त निघतात, त्याहून फार तापली की अंडीच खराब होतात, म्हणून हॅचरीवर सावली करावी लागते. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या पोरांना ऊन काय करतं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि आपल्याकडे समुद्र नाही म्हणता, पण तापी जाते कुठे? मुलताईला उगम, 724 किलोमीटर वाहून सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. आमच्या यावल-रावेरकडे केळीच्या घडाला प्लास्टिकची स्कर्टिंग बॅग घालतात, घड उतरला की बऱ्याच शेतांत ती बॅग बांधावर नाहीतर नाल्यात पडते, पावसाळ्यात नाल्यातून तापीत. मधे हतनूर धरण आहे, उकाई धरण आहे, काही तिथे अडकतही असेल, पण पूर आला की हतनूरचे 41 च्या 41 दरवाजे उघडतात तेव्हा कोण काय अडवणार आहे. समुद्रात अशी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते आणि ते गिळतं, पोटात अडकून मरतं. भाची आता मैत्रिणींना घेऊन शेताशेतातून या बॅगा गोळा करतेय, आणि शेतकरी देतात बरं का, हाकलत नाहीत कोणी.

आता पैशाचं. हल्ली सहली विकणारे लोक 'टर्टल कॅम्प' म्हणून जाहिरात करतात आणि फोटोत पोरगं पिल्लू हातात धरून हसतंय. हे चूक आहे, आईबापांनी असल्या ठिकाणी एक रुपया देऊ नये. सगळी समुद्री कासवं वन्यजीव कायदा 1972 च्या अनुसूची एक मधे आहेत, वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि पिल्लाने वाळूवरून स्वतः चालतच पाण्यात जायचं असतं. आधी विचारा, लेखी परवानगी कोणाची आहे, रात्री पोरांसोबत कोण असतं (तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, गंमत नाही), आणि कोणत्या महिन्यात नेताय. रिडलेचा तिथला अंडी घालायचा मोसम साधारण डिसेंबर ते मार्च, मग मे महिन्यात नेऊन पोरांना काय दाखवणार?

हा मोसम नेमका परीक्षांवर येतो हे खरंय, त्यामुळे नववी आणि अकरावीच्या पोरांना शाळांनी आठ-दहा दिवसांची सुट्टी द्यायला काय हरकत आहे. अंदमान परवडत नसेल तर रत्नागिरी जिल्ह्यात वेळास आहे, तिथे सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना घेऊन हेच काम उभं केलं, तिकडे एसटीनेही जाता येतं. जिल्हा परिषद शाळांची पोरं तिथे गेली पाहिजेत, फक्त इंग्लिश मिडीयमची नाही.

तुम्हाला विनंती एवढीच, की दिवाळीनंतर लगेच वनखात्याकडून माहिती घेऊन, कुठे, कधी आणि किती वयाच्या पोरांना घेतात, अर्ज कुठे करायचा, हे तुमच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही आवृत्त्यांत छापा.

आपली,
एक वाचक, ता. यावल