ग्रामीण रुग्णालयाची परीक्षा रात्री घ्या: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, स. न.

मी कळव्याचा रहिवासी, मूळचा शहापूर तालुक्यातला. गावाकडून पेशंट ठाण्याला निघाला की पहिला फोन मला येतो. बाळंतपणाची केस असली तर सोबतच्या चिठ्ठीवर बहुधा एकच कारण असतं : भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही.

सामुदायिक आरोग्य केंद्र, म्हणजे आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय, 30 खाटांचं. आदिवासी-डोंगरी भागात 80,000 लोकांमागे एक, हा निकष. अडलेल्या बाईचं सिझेरियन तिथेच व्हायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय एकाच वेळी हवी. एक नसेल तर बाकीचे दोन असून नसल्यासारखे. म्हणून तपासणीत रुग्णालयाला दिली जाणारी गुणांची टक्केवारी मला पटत नाही. सरकारी रुग्णालयांच्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांत पास व्हायला 70 टक्क्यांची रेघ आहे. सिझेरियन 70 टक्के होत नाही.

शिवाय तपासणीचं पथक तारीख कळवून येतं. मग आवार झाडलं जातं, भिंतीवर औषधांचा नवा तक्ता लागतो. (रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठीच्या कायाकल्प योजनेमुळे संडास सुधारले, हे मान्य. छोटी गोष्ट नाही ती.)

2007 मध्ये राज्यात लोकाधारित देखरेख पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात ठाणे होतं. गावकरीच आरोग्यसेवेचं रंगीत प्रगतिपत्रक भरत : हिरवं, पिवळं, लाल. जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांसमोर वाचलं जाई आणि उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागे. ती पद्धत पुन्हा जोरात चालवा, आणि तपासणी न कळवता, रात्री करा. गेल्या महिन्यात किती रात्री भूलतज्ज्ञ हजर होता, सापाच्या इंजेक्शनच्या किती कुप्या शिल्लक आहेत, किती पेशंट पुढे पाठवले आणि का, हे दर महिन्याला फाटकावर लावा.

यातून डॉक्टरांवर नोटिसांचा पाऊस मात्र पाडू नका. सकाळी ओपीडी, दुपारी पोस्टमॉर्टेम, रात्री पुन्हा ड्युटी अशी एकाच माणसाची ओढाताण होत असेल, तर लाल शेरा त्याचा नाही, रिकाम्या पदाचा आहे. ते पद भरणं आपल्या खात्याचं काम.

सुरुवात शहापूर-मुरबाडपासून करा, आणि भातलावणीच्या दिवसांत करा. साप तेव्हाच जास्त चावतात.

आपला,
एक रहिवासी, कळवा (ठाणे)