तांब्याचं पाणी

सोलापूर,
14 जून

प्रिय दिग्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लिहायला तोंड नव्हतं रे. "तुझा समुद्र कसा आहे?" असं तू विचारलंस आणि नेमका तेव्हाच माझा समुद्र शेवटच्या घटका मोजत होता. तुला मालवणात बसून हसू येईल. पण 60 लिटरच्या काचेच्या टाकीत जिवंत कोरलं (प्रवाळ) ठेवून समुद्र सांभाळायचा म्हणजे काय, ते बघायला मे महिन्यात सोलापूरला ये बे एकदा.

एप्रिलच्या मध्याला सुरुवात झाली. झोआ, म्हणजे तुला आवडलेली ती हिरव्या-केशरी बटणांसारखी कोरलं, एका सकाळी लाइट लागून दोन तास झाले तरी मिटलेलीच. झेनिया कोरलचे हात कसे सारखे उघडझाप करायचे आठवतंय ना? आई त्याला "टाळ्या वाजवणारं झाड" म्हणायची. त्या टाळ्या थांबल्या. तळहाताएवढं मशरूम कोरल आक्रसून बंद्या रुपयाएवढं झालं.

पहिला संशय अर्थातच उन्हावर. बाहेर 43, टाकीत 31. कोरलच्या अंगात एक सूक्ष्म शेवाळ राहतं, त्याचं बरंचसं जेवण तेच बनवतं. पाणी फार तापलं की कोरल त्यालाच बाहेर हाकलतं आणि पांढरं पडतं. माझी कोरलं मिटली होती, पण पांढरी पडली नव्हती. तिथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती, नाही पेटली.

पाणी गार करायचा चिलर परवडणारा नव्हता. मग कॉम्प्युटरमधले दोन छोटे फॅन टाकीच्या काठावर बसवले, वारा थेट पाण्यावर. आपली हवा इतकी कोरडी की माठ जसा गार होतो तशी टाकी दोन दिवसांत 27 वर आली. मी खूश. पण पूर्वी रोज पाऊण लिटर पाणी उडायचं, ते आता सव्वादोन लिटर उडायला लागलं. पाणी उडतं, मीठ मागंच राहतं, म्हणून वरून गोडं पाणी घालावं लागतं. नळाला चार दिवसांआड पाणी, त्यात बोअरचं मिसळतं, टीडीएस (विरघळलेले क्षार) सहाशेच्या वर. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी घालायचो. रोज सकाळी, देवाच्या तांब्याबरोबर टाकीचा तांब्या. इमानेइतबारे.

कोरलं आणखीच मिटली.

मग मी टेस्टच्या मागं लागलो. क्षारता मोजायच्या काट्यावर बुडबुडा बसला तर तो खोटं बोलतो, म्हणून एकाकडून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाशावरून मीठ मोजायचं यंत्र, मागून आणला. लोक तो साध्या पाण्यावर शून्याला लावतात, मी समुद्राएवढ्या खारट, हजारी 35 च्या तयार द्रावणावर लावला. 1.026, चोख. अल्कलिनिटी 8, नायट्रेट 10. लाइट कमी करून पाहिला, पंप वळवून पाहिला. सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट अंथरुणाला खिळलेला, अशातली गत.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोन गोगलगाई वाळूवर उलट्या पडलेल्या दिसल्या. एक हातात घेतली तर आतून काळपट, आणि वास असा की मी तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी हर्मिट खेकडा गेला. क्लाऊनफिशची जोडी मात्र मजेत, दाण्यासाठी काचेवर नाक घासतेय. मासे ठणठणीत आणि बिनकण्याचे जीव पटापट मरतायत, हे कशानं होतं? माशांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात, लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम. मासे ते सोसतात, गोगलगाई-कोरलं सोसत नाहीत. म्हणून तर ते औषध वेगळ्या टाकीत द्यायचं असतं. पण मी तर असलं काही घातलंच नव्हतं!

उत्तर स्वयंपाकघरात होतं. आरओचा सर्व्हिसवाला आला, ओट्यावर सगळे भाग मांडून बसला. त्यात एक काडतूस दाखवत म्हणाला, "साहेब, याच्यानंच पाण्यात कॉपर येतं. तब्येतीला एकदम चांगलं." जुना आरओ मार्चमध्ये एक्स्चेंजला दिला, नवा आणला. बायकोनं तेव्हा सांगितलंही होतं "तांब्याचावाला आहे" म्हणून. मी "बरं बरं" म्हटलं होतं.

पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरला दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं. आपल्याला काही होत नाही. पण टाकीतून फक्त पाणी उडतं, तांबं उडत नाही. सव्वादोन लिटर रोज, म्हणजे सत्तावीस दिवसांत अख्ख्या टाकीएवढं पाणी मी वरून ओतलं आणि त्यातला कणन् कण आत साठवला. कोरलं वाचवायला लावलेल्या फॅननंच त्यांना तिप्पट वेगानं पाजलं. टेस्ट किट मागवला. आरओच्या पाण्याचा रंग 0.25 पाशी जुळला, टाकीतला 0.1 पाशी. टाकीत कमी कसं? बरंचसं दगडात आणि वाळूत मुरलेलं. आईला सांगितलं तर म्हणते, "तांब्याचं पाणी कुणाला बाधतं का?" तिच्या उशाशी रात्रभर तांब्या भरलेला असतो, तिला काय सांगणार?

मग प्लंबरकडून आरओच्या मेंब्रेनच्या लगेच पुढं, तांब्याच्या काडतुसाच्या आधीच, पाइपला एक टी (फाटा) काढून घेतली, पुढं उरलेसुरले क्षार ओढणाऱ्या डीआय रेझिनची नळी. आता टीडीएस शून्य. पाणी बदलायला काढलं तेव्हा कळलं की हे काम चिकाटीचं आहे. पाव-पाव टाकी तीनदा बदलली तरी 42 टक्के तांबं उरतंच. सोबत कार्बन आणि तांबं ओढणारं रेझिन पिशवीत टांगलं. वाळू सगळी काढून टाकली. एकानं सल्ला दिला, दगड उकळून घे. मी हात जोडले. झोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं, उकळलं तर वाफेतून घरभर पसरायचं. मेलेले झोआसुद्धा मी हातमोजे घालून, पाण्यातच खरवडून काढले.

झेनिया गेलं. विरघळल्यासारखं होऊन एका रात्रीत नाहीसं झालं. झोआ निम्मे उरले. मशरूम पुन्हा पसरतंय, कडेला ती निळी झाक आली आहे. परवा एक गोगलगाय आणून सोडली, एकच. रात्रभर जागची हलली नाही, मी दोनदा उठून टॉर्च मारला. आज सकाळी मागच्या काचेवरच्या शेवाळात बोटाएवढी स्वच्छ, नागमोडी रेघ दिसली.

वहिनींना नमस्कार, पिंट्याला पापा.

तुझा,
बाळ्या

ता. क. दिवाळीला येताना किनाऱ्यावरून कोरलचा तुकडा आणू का, असं विचारलंयस. अजिबात आणू नकोस. दगडी कोरलं सगळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडासुद्धा चालत नाही. आणि तुझ्या गावाला तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे! सोलकढीचं आगळ आण. शेंगाचटणी मी बांधून ठेवतो.