आधी प्रॉब्लेम द्या, सूत्र नंतर

मा. संपादक,

दहावीचा निकाल लागला की गणितात किती पोरं उडाली यावर चार दिवस चर्चा होते, मग पासिंग खाली आणायचं का यावर वाद (2024 ला अभ्यासक्रम आराखड्यात 35 ऐवजी 20 मार्कांची गोष्ट आली तेव्हा झालाच की), पण वर्गात गणित शिकवलं कसं जातं यावर कोणी बोलत नाही. मी हायस्कूलला गणितच शिकवतो, म्हणून लिहितोय.

आमचं ठरलेलं असतं, फळ्यावर सूत्र, दोन सोडवलेली उदाहरणं, मग सरावसंच, आणि पेपरात तेच आकडे बदलून. कृतीचे प्रश्न आले तेव्हा वाटलेलं काहीतरी बदलेल, पण त्यातही पायऱ्या आधीच छापलेल्या, पोरांनी फक्त चौकटी भरायच्या, म्हणजे विचार पेपर काढणाऱ्यानेच करून ठेवलेला.

त्यापेक्षा महत्त्वमापन, म्हणजे क्षेत्रफळ-घनफळाचा धडा, सुरू करायच्या आधी पोरांना विचारा, शाळेच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवलं तर उन्हाळ्यात टँकर लागेल का? एवढंच विचारा आणि गप्प बसा. टेप घेऊन पळतात. 20 बाय 8 मीटरचं छप्पर म्हणजे 160 चौरस मीटर, आमच्या दुष्काळी पट्ट्यात वर्षाला 500 मिमी पाऊस धरला तर 80 हजार लिटर, 10 हजारवाले आठ टँकर! एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे बरोब्बर एक लिटर, हे मात्र सांगायचं नाही, त्यांचं त्यांना सापडू द्यायचं, खरी मजा तिथेच आहे. मग भांडणं सुरू होतात, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून द्यायचं ते किती, रोज वापरणार तर सगळं एकदम साठवायचं कशाला, आणि गोल टाकी 2 मीटर उंच घेतली तर व्यास 7 मीटरच्या वर जातो, एवढी जागा आहे कुठे. वृत्तचितीचं, म्हणजे अशाच गोल टाकीच्या आकाराचं, सूत्र आठवीत पाठ करून विसरलेलं पोरगं इथे स्वतःहून पुस्तक उघडतं.

अमेरिकेत फिलिप्स एक्झेटर अकॅडमी म्हणून जुनी शाळा आहे, तिथे गणित असंच चालतं, नेहमीचं पाठ्यपुस्तक नाही, नुसते प्रॉब्लेम, पोरं घरून सोडवून आणतात आणि फळ्यावर मांडून चर्चा करतात. पण तिथे एका टेबलाभोवती साधारण 12 पोरं असतात, आमच्याकडे एका वर्गात साठ-साठ, हेही खरंय. आणि सगळंच असं शिकवा असं माझं म्हणणं नाही, अवयव पाडणं किंवा भौमितिक रचना हाताला बसायलाच लागतात, तिथे सरावाला पर्याय नाही.

बोर्डाला एकच विनंती. अंतर्गत मूल्यमापनाचे 20 मार्क बऱ्याच ठिकाणी वाटूनच टाकतात, त्यातले निदान 10 अशा एका प्रॉब्लेमला ठेवा, आपल्या गावातला, तयार उत्तर नसलेला. फक्त त्याची प्रोजेक्ट वही करू नका, नाहीतर पुढच्या जूनला स्टेशनरीच्या दुकानात भरलेली मिळायला लागेल.

— एक गणित शिक्षक