शिव्या खाल्ल्याबद्दल आभार

डाव्या गुडघ्याची वाटी बदलली, पण खरे हाल घरी आल्यावर सुरू झाले. टाके निघाले तरी पाय ७० अंशांपुढे वाकेना. खुर्चीतून नीट उठायला ९० तरी लागतात. रोज सकाळी येऊन ‘आजी, अजून एवढंसंच’ म्हणत माझ्या शिव्या निमूट खाणाऱ्या फिजिओथेरपीच्या पोरीचे आभार. आमच्या फ्रीजमध्ये बर्फ धरत नाही, म्हणून रात्री साडेअकराला गुडघ्यावर ठेवायला मटारच्या गोठलेल्या पिशव्या घेऊन येणाऱ्या खालच्या वहिनींचे. (त्या मटारांची पुढे उसळ झाली, तीही मलाच आणून दिली!) वॉकर घडी करून आत ठेवेपर्यंत मीटर न टाकणाऱ्या रिक्षावाल्या दादांचेही. काल ९५ अंश झाले. पोरी, शिव्या मात्र मागे घेत नाही.