‘किमान’मधला ‘कमी’

मा. संपादक,
स. न.

मी निवृत्त गणित शिक्षिका. संध्याकाळी आमच्या ओसरीत गावातली दहा-बारा लेकरं अभ्यासाला येतात. समीकरणं पटापट सोडवतात, पण असमानतेचं, म्हणजे ‘याहून कमी’, ‘याहून जास्त’ असल्या अटीचं, शाब्दिक उदाहरण आलं की अडतात. अडतात ती मराठीपाशी. ‘किमान’ वाचलं की त्यांना त्यात ‘कमी’ ऐकू येतं आणि ≤, म्हणजे ‘तेवढं किंवा कमी’, लिहून मोकळी होतात; हवं असतं ≥, ‘तेवढं किंवा जास्त’. ‘कमीत कमी’मध्ये तर कमी दोनदा येतं!

यावर उपाय म्हणून शब्दांचा तक्ता पाठ करून घेतात. किमान आलं की हे चिन्ह, कमाल आलं की ते. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. ते चुकलं, असं आज वाटतं.

आता मी चिन्हाआधी आकडा विचारते. पास व्हायला किमान 35 गुण हवेत, तर 35 वाला पास की नापास? सगळी ओरडतात, पास! 34 वाला? चिन्हाखालची आडवी रेघ कशासाठी, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. हमीभावाच्या खरेदीत कापसाचा ओलावा 12 टक्क्यांपर्यंत चालतो, वर गेला की माल परत. बापाला भरली गाडी परत आणताना ज्यानं पाहिलं, त्याला 12 आणि 12.1 मधला फरक चांगला कळतो.

एक उदाहरण आमच्याकडे फार रंगलं. टाकीत 200 लिटर पाणी. फवारणीच्या एका पंपाला 15 लिटर लागतं. बैलांसाठी किमान 40 लिटर राखायचं. पंप किती भरता येतील? मांडणी 200 − 15क्ष ≥ 40, म्हणजे −15क्ष ≥ −160. उणे 15 नं भागताना चिन्ह उलटवायचं राहिलं, की क्ष ≥ 10.67 येतं. म्हणजे 11 पंप चालतील, 100 सुद्धा! लेकरं स्वतःच थांबतात. चिन्ह का उलटतं, हे उधारीवरून पटतं. 3 हे 2 पेक्षा मोठे, पण तीन हजारांचा देणेकरी दोन हजारांच्या देणेकऱ्याच्या मागेच.

तर क्ष ≤ 10.67. अर्ध्याच्या वर म्हणून कुणी 11 केले, तर टाकीत 35 लिटरच उरतं, बैलांना कमी पडतं. उत्तर 10. पण सोयाबीनचे 70 कट्टे घरी आणायचे आणि बैलबंडीत एका खेपेला 12 मावतात, तेव्हा 12क्ष ≥ 70, क्ष ≥ 5.83, आणि खेपा 6 च. पाचवर थांबलं तर 10 कट्टे वावरात भिजतील. कुठं खालचा पूर्णांक घ्यायचा नि कुठं वरचा, हे तक्ता सांगत नाही, वावर सांगतं.

परीक्षेच्या दिवसांत आपण सराव प्रश्न छापता, त्यात मॉलमधली सवलत नि मेट्रोची तिकिटं असतात. आमच्या लेकरांनी मेट्रो पाहिलेली नाही, आणि उदाहरण समजण्याआधीच त्यांचा धीर सुटतो. त्यांनीच रचलेली पंधरा उदाहरणं माझ्याजवळ वहीत आहेत. एक आठवीतल्या मुलीनं आईच्या कापूस वेचणीवर केलेलं आहे: किलोला 10 रुपये, दुपारपर्यंत 18 किलो झाला, दिवसाचे किमान 400 हवेत, तर अजून किती वेचावा? जागा देणार असाल, तर सगळी उत्तरांसह पाठवते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ