व्हर्जिनियाचा फिरता कौल

महोदय,

‘गव्हर्नर’ म्हटले की आपल्याला राजभवन आणि शपथविधी आठवतो. अमेरिकेत ते पद थेट मतांवर ठरते, म्हणजे आपले मुख्यमंत्रीच म्हणा ना. व्हर्जिनिया राज्यात 2020 च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट बायडेन सुमारे दहा टक्क्यांनी पुढे होते. वर्षभरात गव्हर्नरपदी रिपब्लिकन यंगकिन जिंकले आणि 2025 मध्ये डेमोक्रॅट स्पॅनबर्गर यांनी सुमारे पंधरा टक्क्यांनी बाजी मारली. याला लाट म्हणणे घाईचे आहे. 1977 पासून तिथे गव्हर्नरच्या निवडणुकीत, 2013 चा अपवाद वगळता, व्हाइट हाउसमधल्या पक्षाचाच उमेदवार पडत आला आहे. तिथल्याच लाउडन काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) माझ्या भाचीकडे 2021 ला सगळा वाद शाळांवरून होता. गेल्या खेपेला फोनवर विषय एकच, किराणा, विजेचे बिल आणि शेजाऱ्याची गेलेली सरकारी नोकरी.

– एक वाचक, ठाणे