ओठ वाचायला चेहरा तरी दिसू द्या

महोदय,

माझी मुलगी जन्मतः कर्णबधिर आहे. गेल्या आठवड्यात नौपाड्यातल्या एका बँकेत ती खात्याच्या कामासाठी गेली होती. काउंटरवरचे गृहस्थ संगणकात मान घालून बोलत राहिले. ‘ओठ वाचता येतात ना?’ असंही वर विचारलं. येतात, पण ओठ दिसले तर! आणि दिसले तरी सगळं कळत नाही. आरशासमोर आवाज न काढता ‘बाबा’ आणि ‘मामा’ म्हणून पाहा. ओठ अगदी सारखेच हलतात. क, ग तर घशाजवळ उच्चारले जातात, ते बाहेरून दिसणार कसे? निम्मं तिला संदर्भावरूनच ताडावं लागतं आणि संध्याकाळपर्यंत तिचे डोळे शिणून जातात.

ओठ वाचण्याचा हा आग्रह जुना आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे हे धर्मगुरू कर्णबधिर मुलांना खुणांच्या भाषेतून शिकवत होते. पण कर्णबधिरांच्या शिक्षणावर १८८० मध्ये इटलीतल्या मिलानला भरलेल्या परिषदेने बोलण्यावर आणि ओठवाचनावर भर देणारी पद्धतच श्रेष्ठ ठरवली आणि अनेक देशांच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. मुलांना हात बांधून बसायला लावलं जाई. त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं, तेही कॅनडातल्या व्हँकुव्हरला त्याच विषयावर भरलेल्या परिषदेत.

ठाण्यातल्या बँका, रुग्णालये, सरकारी कचेऱ्या यांनी निदान एका कर्मचाऱ्याला भारतीय सांकेतिक भाषेची प्राथमिक ओळख करून द्यावी. तोवर समोर बघून बोलावं आणि काउंटरवर कागद-पेन ठेवावं.

– एक पालक, ठाणे (प.)